खुर्द्याची गणती

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडलं ते पेशव्यांना एका सावकारी निरोपातून कळलं, ही हकीकत शाळेपासून आपल्या कानावर आहे. त्या निरोपात गेलेली माणसं नाण्यांच्या भाषेत सांगितली होती. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नव्हती. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. उरलेले हजारो शिपाई, बारगीर, बाजारबुणगे खुर्द्यात जमा. निरोप लिहिणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी जगात जवळपास कुठेच खुर्दा मोजत नसत.

तो मोजायची पद्धत कशी पडली हे दगडात पाहायचं असेल, तर पुणेकराला लांब जायची गरज नाही. खडकीत मुळा रोडला वॉर सिमेट्री आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. ही सगळी माणसं काही खडकीत वारली नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या छावण्यांमध्ये आणि लष्करी इस्पितळांमध्ये जी गेली, ती आधी त्या त्या गावच्या दफनभूमींत विखुरलेली होती. तिथे कायमची निगा राखण्याची हमी देता येईना, म्हणून सगळ्यांना इथे एकत्र आणलं. याच आवारात १९१४ ते १९१८ च्या युद्धाचं स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. भारतात आणि आताच्या पाकिस्तानात ज्यांच्या कबरी आता राखता येत नाहीत, अशा लोकांची ती नावं. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणून पुन्हा दफन करण्यात आले. आणखी एका फलकावर पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांची नावं आहेत. आपलं गाव सोडून, समुद्र ओलांडून आलेले आणि भारतात कुठेतरी संपलेले हे लोक. त्यांच्या कबरी सापडल्या नाहीत किंवा राखण्याजोग्या उरल्या नाहीत.

मरून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झालेल्या माणसांचे अवशेष शिवडीहून पुण्याला आणायचे, त्यांच्या नावांचं स्मारक उभारायचं, आणि तेही भारत स्वतंत्र झाल्यावर पंधरा वर्षांनी. एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर तिथल्या एका शिळेपाशी उभं राहिलं की हळूहळू उलगडतं.

शिळा जमिनीपासून साधारण ८१ सेंटिमीटर उंच, ३८ सेंटिमीटर रुंद, बोटाच्या लांबीइतकी जाड. माथा किंचित कमानदार, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. सर्वांत वर पलटणीचं बोधचिन्ह. त्याखाली सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय. मग धर्माचं चिन्ह. आणि अगदी तळाशी, गवताच्या पात्यांनी अर्धवट झाकलेली, घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. शेजारची शिळा याच मापाची. तिच्या शेजारचीही. एखाद्यावर मेजर लिहिलेलं असतं, एखाद्यावर ड्रायव्हर; हुद्दा वाचल्याशिवाय कळत नाही. मोती, मोहर आणि खुर्दा एकाच ओळीत, एकाच उंचीचे.

ही समानता आपोआप आलेली नाही, त्यासाठी मोठं भांडण झालेलं आहे. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर नावाचा एक गृहस्थ रेडक्रॉसच्या फिरत्या तुकडीबरोबर फ्रान्समध्ये गेला आणि तिथे कबरींची नोंद कुणीच ठेवत नाही हे पाहून स्वतः ठेवू लागला. त्यातून २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं. १९६० पासून त्याच्या नावात इम्पीरियलच्या जागी कॉमनवेल्थ आलं. खडकीची देखभाल हाच आयोग करतो. आयोगाने ठरवलेली तत्त्वं थोडक्यात अशी: प्रत्येक मृताचं नाव शिळेवर किंवा स्मारकावर यावं, ते कायमचं असावं, सगळ्या शिळा एकसारख्या असाव्यात, हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होऊ नये.

याआधी १९१५ मध्ये एक गोष्ट घडली होती. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू आघाडीवर पडला आणि घरच्यांनी वजन वापरून त्याचा देह इंग्लंडला आणला. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याचा मुलगा घरी येणार आणि खाणकामगाराचा मुलगा फ्लँडर्सच्या चिखलात राहणार, हे वेअरला पटेना. त्यानंतर देह मायदेशी नेण्यावर सरसकट बंदी आली. युद्ध संपल्यावर या बंदीविरुद्ध आणि एकसारख्या शिळांविरुद्ध मोठं काहूर उठलं. लेडी फ्लॉरेन्स सेसिल या बाईंचे तीन मुलगे युद्धात गेले होते. निदान शिळेऐवजी क्रूस तरी द्या, असा त्यांनी आठ हजारांवर सह्यांचा अर्ज केला. मे १९२० मध्ये पार्लमेंटात यावर चर्चा झाली आणि आयोगाचं म्हणणं टिकलं. त्या आईचं दुःख खरं होतं. तरीही मला वाटतं, वेअरचा निर्णय योग्य होता. दुःख खासगी ठेवायचं म्हटलं, की त्याला लगेच ऐपतीची पायरी फुटते.

शिळेच्या तळाशी असलेल्या त्या ओळीतसुद्धा ही पायरी आलीच होती. ओळ ६६ अक्षरांच्या आत बसवायची, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स द्यायचे. गरीब विधवेने अक्षरं मोजून कोणता शब्द गाळला असेल, याचा विचार मनातून जात नाही. पुढे ही आकारणी ऐच्छिक केली गेली. कॅनडाच्या सरकारने आपल्या लोकांचा खर्च स्वतः उचलला. न्यूझीलंडने पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या शिळांवर घरची ओळच नको, असं ठरवलं. सगळ्यांना सारखंच मिळावं म्हणून.

आयोगाने रचना ज्यांच्याकडे सोपवली त्यांतला एडविन ल्युटेन्स आपल्याला नवी दिल्लीमुळे ठाऊक आहे. मोठ्या दफनभूमींसाठी त्याने एक लांब, वेदीसारखा, पण कोणत्याही धर्माचं चिन्ह नसलेला दगड आखला. तो सरळ दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या कडा अतिशय सूक्ष्म वक्र आहेत. रेजिनाल्ड ब्लूमफील्डने उंच क्रूस दिला आणि त्यावर उलटी ब्राँझची तलवार जडवली. शब्द निवडण्याचं काम रुडयार्ड किपलिंगकडे होतं. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या या लेखकाचा एकुलता एक मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता आणि बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या शिळांवर जे शब्द आहेत, ते त्याचे.

आता खडकीच्या रांगांमधून फिरताना मराठी माणसाला एक प्रश्न पडतोच. पुण्याच्या छावणीतून हजारो भारतीय सैनिक या युद्धांवर गेले. ते कुठे आहेत?

एक उत्तर सरळ आहे. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, त्यामुळे त्यांची कबर नसते. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांच्या कबरी निरनिराळ्या ठिकाणी आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्याच एखाद्या इस्पितळात वारलेल्या सातारच्या शिपायाचं नाव शोधायचं, तर ते दिल्लीच्या वॉर सिमेट्रीत ठेवलेल्या स्मरणवहीत. दिल्ली आणि कराची इथे मिळून अशा पंचवीस हजारांवर सैनिकांचं स्मारक आहे. परदेशात मात्र दहन झालेल्यांसाठी आयोगाने वेगळी स्मारकं उभारली. इरिट्रियात केरेनला एक आहे, जिथे १९४१ मध्ये मराठा पलटणी डोंगर चढत लढल्या. इटलीत अशी तीन आहेत. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच ते पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही म्हणून त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं.

दुसरं उत्तर कडू आहे, आणि त्याचा पुण्याशी थेट संबंध आहे.

खडकी हे सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंत्यांचं जुनं ठाणं. इथल्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये नव्ह शापेल गावावर पायदळासारख्या चालून गेल्या. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे हे लोक गल्लीगल्लीत संगिनीने लढले आणि त्यांचे जवळपास सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. त्या गावाजवळ १९२७ मध्ये हर्बर्ट बेकरने भारतीयांसाठी स्मारक बांधलं. गोल आवार, जाळीची भिंत, छत्र्या, मधोमध अशोकस्तंभाची आठवण देणारा पंधरा मीटरचा स्तंभ. भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत. शिपाई, नाईक, हवालदार, सगळ्यांची. तत्त्व पाळलं गेलं.

आता १९१४ मध्येच निघालेल्या दुसऱ्या फौजेकडे पाहू. सहावी डिव्हिजन, जिचं नावच पुणे डिव्हिजन होतं, नोव्हेंबर १९१४ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. बसरा घेतलं, तैग्रिसच्या काठाने बगदादच्या जवळ पोचले, तिथून मागे रेटले गेले आणि कुत गावात अडकले. जवळजवळ पाच महिने वेढा होता. घोडे, खेचरं कापून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनने शरणागती पत्करली, आणि कैदेत वाळवंटातून चालवत नेताना आणखी असंख्य मेले. या मोहिमेत ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, साध्यातल्या साध्या शिपायासह. भारतीय पलटणींपुढे फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत, आणि त्याखाली इतर हुद्द्यांचे इतके जण, असा आकडा. नॉरफोक रेजिमेंटचा जो प्रायव्हेट कुतला उपाशी मेला त्याचं नाव भिंतीवर आहे. त्याच्याच ब्रिगेडमध्ये, त्याच वेढ्यात, तेवढाच उपाशी राहिलेला ११० व्या मराठा पलटणीचा शिपाई एका संख्येत गेला. असे तीस हजारांहून अधिक भारतीय तिथे आकडा होऊन राहिले.

पानिपतच्या निरोपात निदान मोजदाद नाही हे तरी सांगितलं होतं. इथे मोजदाद होती, याद्या होत्या, नंबर होते. नव्ह शापेलला जे जमलं ते बसऱ्याला जमलं नाही याचं कारण दगडाची टंचाई नव्हतं. फ्रान्समधलं स्मारक युरोप पाहणार होता. बसऱ्याचं कोण पाहणार, आणि कोरेगाव-खटावची बाई तिथे नाव वाचायला थोडीच जाणार, असा तो हिशेब असावा, असं मला वाटतं. आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचं नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा कदाचित कोणतंच स्मरण झालं नाही, असा अंदाज मांडला. त्यांत भारतीय आणि आफ्रिकी बहुसंख्य. आयोगाने माफी मागितली. खडकीच्या फलकावरची ती १९३ आफ्रिकी नावं हे वाचल्यावर वेगळ्याच नजरेने वाचली जातात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत निदान एवढा फरक पडला होता.

इतर देशांनी हा प्रश्न आपापल्या स्वभावाने आणि आपापल्या अडचणींप्रमाणे सोडवला.

जर्मनीची अडचण सर्वांत मोठी. हरलेल्या सैन्याचे मृत परक्यांच्या शेतात पडलेले, आणि त्यांना जागा द्यायला कुणी उत्सुक नाही. १६ डिसेंबर १९१९ रोजी फोल्क्सबुंड ही संस्था लोकांनीच स्थापन केली. तिचं काम आजही बरंचसं वर्गण्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं. बेल्जियममधल्या लांगेमार्कला ४४ हजारांहून जास्त सैनिक आहेत, आणि त्यांतले सुमारे २५ हजार एकाच सामाईक कबरीत. इंग्रजी दफनभूमीत फुलझाडं असतात, ऊन असतं. इथे ओकची दाट सावली, जमिनीत बसवलेल्या सपाट काळसर शिळा, आणि दूरवर उभ्या चार शोकमग्न पुतळ्यांच्या आकृत्या. जवळच व्लाड्सलोला एकेका शिळेवर वीस-वीस नावं आहेत. त्यांतलं एक पेटर कोल्वित्झ, वय १८, ऑक्टोबर १९१४. त्याची आई केटे कोल्वित्झ शिल्पकार होती. तिने मुलासाठी स्मारक करायला घेतलं आणि ते पुरं व्हायला १९३२ साल उजाडलं. गुडघ्यांवर बसलेले बाप आणि आई, दोन वेगळ्या दगडांवर, एकमेकांना न टेकलेले. बाप स्वतःचेच हात घट्ट आवळून समोर बघतो आहे. आई खाली वाकली आहे. वीरश्रीचा एक शब्द त्या दगडात नाही. जगातल्या सगळ्या युद्धस्मारकांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं.

फ्रान्सने २९ डिसेंबर १९१५ च्या कायद्याने, युद्ध चालू असतानाच, देशासाठी मेलेल्याला सरकारी खर्चाने कायमची जागा देण्याचं मान्य केलं. व्हर्दंच्या रणभूमीवर मात्र तोफांनी माणसं अशी मिसळून टाकली होती की जागा कुणाकुणाला द्यायची हेच कळेना. तिथे दुओमोंला अस्थिगृह बांधलं, १९३२ मध्ये ते खुलं झालं. फ्रेंच आणि जर्मन मिळून सुमारे १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं त्याच्या तळघरांत आहेत, आणि बाहेरून छोट्या खिडक्यांतून ती दिसतात. फ्रान्सने ती झाकली नाहीत. पुढे २०१४ मध्ये त्याच देशात नोत्र दाम द लोरेतला एक प्रचंड वर्तुळ उभं राहिलं. उत्तर फ्रान्समध्ये पडलेल्या ५,७९,६०६ जणांची नावं त्यावर फक्त अक्षरानुक्रमे लावली आहेत. हुद्दा नाही, देश नाही, मित्र-शत्रू नाही. भारतीय नावं तिथे जर्मन नावांना लागून येतात.

अमेरिकेने साध्या सैनिकाला सरकारी कबर देण्याची सुरुवात आपल्या यादवी युद्धातच, १८६२ च्या कायद्याने केली होती. पहिल्या महायुद्धानंतर तिने इंग्रजांच्या उलट केलं आणि निवड घरच्यांवर सोपवली. सुमारे ४६ हजार देह जहाजांनी परत गेले, तीस हजारांवर युरोपात राहिले. राहिलेल्यांसाठी पांढऱ्या संगमरवराचे क्रूस, ज्यूंसाठी तारा. घरची ओळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्मंडीतही समुद्रकिनाऱ्याच्या वर नऊ हजारांहून अधिक असे क्रूस पश्चिमेला, मायदेशाकडे तोंड करून उभे आहेत. कबरी अशा एकसारख्या, पण १९३० ते १९३३ दरम्यान सरकारने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या मातांना मुलांच्या कबरी पाहायला नेलं तेव्हा कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या आणि हलक्या दर्जाच्या जहाजांतून पाठवलं. मुलगे एका रांगेत झोपलेले आणि आया वेगळ्या बोटीत.

रशियात नावाची कल्पनाच कोसळावी असे मृत्यू झाले. लेनिनग्राडच्या वेढ्यातले जवळपास पाच लाख लोक, बहुतेक सामान्य नागरिक, पिस्कर्योव्हस्कोये इथे सामाईक कबरींत आहेत. हिरवळीचे लांब उंचवटे आणि प्रत्येकापुढे ग्रॅनाइटच्या दगडावर फक्त साल: १९४२, १९४३. नागरिकांसाठी विळा-हातोडा, सैनिकांसाठी तारा. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने रेदिपुल्या इथे १९३८ मध्ये एक लाख मृतांचा दगडी जिना उभारला. बावीस पायऱ्या, आणि त्यांच्या कडांवर हजेरी दिल्यासारखा एकच शब्द पुन्हा पुन्हा कोरलेला. मेल्यावरही परेड संपू नये, असं तिथल्या राज्यकर्त्यांना वाटत होतं. ते वास्तू म्हणून भव्य आहे, आणि तरीही मला ते माणसांवर अन्याय करणारं वाटतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, लढून मेलेल्याची आठवण ठेवायची रीत या सगळ्यांहून जुनी आहे. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात शेंदूर लागलेले वीरगळ आपण पाहतोच. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंच्या रक्षणासाठी पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपिंडीची पूजा करणारा तोच, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. बोरिवलीजवळ एकसरला तर गलबतांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. हे दगड राजांचे नाहीत, गावच्या माणसांचे आहेत. फक्त आपल्या भागातल्या बहुतेकांवर नाव नाही. त्या वेळी गावाला नाव ठाऊक होतं, लिहायची गरज वाटली नसेल. आता गावालाही ते ठाऊक नाही, आणि वीर देव होऊन बसला आहे.

नाव कोरल्याने काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांसाठी जो स्तंभ उभा राहिला, त्याची पायाभरणी मार्च १८२१ मध्ये झाली. त्यावर ४९ मृतांची नावं आहेत, आणि त्यांतली २२ नावं नाक या शब्दाने संपतात, म्हणजे महार सैनिकांची. सहा वर्षांपूर्वी वॉटर्लूला पडलेले साधे शिपाई सामाईक खड्ड्यांत गेले होते. कंपनीने स्तंभ उभारला तो आपल्या विजयासाठी, याबद्दल शंका नाही. पण नावं कोरली, आणि ती एकदा कोरल्यावर कंपनीच्या हाती राहिली नाहीत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले तेव्हा ज्यांना समाजाने माणूस म्हणून मोजलं नव्हतं, त्यांना आपल्या पूर्वजांची नावं दगडावर वाचायला मिळाली. आज तिथे लाखो लोक जातात. फक्त आकडा कोरला असता तर यातलं काही घडलं असतं, असं मला वाटत नाही.

स्वतंत्र भारताने लष्करी दफनभूमीची वाट धरली नाही. बराच काळ सैनिकाचं दहन आघाडीवरच होई आणि घरी अस्थी, सामान आणि तार येई. १९९९ च्या कारगिल युद्धापासून देह तिरंग्यात गावी येऊ लागला. त्यामुळे आपली दफनभूमी, म्हणायचं तर, गावोगाव वाटली गेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं इंग्रजांनी लावलेलं स्मारक आहे. आणि त्याच जिल्ह्यात, सांगली-कोल्हापुरात, चौकाचौकांत अलीकडच्या जवानांचे अर्धपुतळे उभे आहेत. पुण्याच्या लष्कर भागात १९९८ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक झालं ते नागरिकांच्या वर्गणीतून. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं. चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांनी त्याची रचना चक्रव्यूहावर बेतली. एकात एक वर्तुळं, आणि त्यागचक्राच्या सोळा भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा. एका विटेवर एक जवान. उद्घाटनाच्या वेळी तिथे २५,९४२ नावं होती. तत्त्व तेच, खडकीच्या शिळेचं. पण ही नावं स्वातंत्र्यानंतरची. पुणे डिव्हिजनचा शिपाई इथेही नाही. इंडिया गेटवर साधारण तेरा हजार नावं आहेत. पहिल्या महायुद्धात गेलेले भारतीय सुमारे ७४ हजार होते. इंग्रजांनी आकडा केला आणि आपण परक्यांच्या युद्धात मेला म्हणून बाजूला ठेवलं, अशी त्याची दोन्हीकडून कोंडी झाली आहे.

ती थोडीफार फोडणं घरोघरी शक्य आहे. पणजोबा लढाईवर गेले आणि आलेच नाहीत, एवढीच माहिती असलेली घरं पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी विनामूल्य पाहता येते, आणि बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली पुष्कळ भारतीय नावं त्या यादीत आहेत. शोधताना आडनावाच्या मागे लागू नये. त्या काळच्या कारकुनांनी मराठी नावं कानाला लागली तशी इंग्रजीत उतरवली, आणि कित्येकांपुढे आडनावच नाही. नोंदीत बहुधा सैनिकाचा नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो; गाव आणि बापाचं नाव जुळलं तर माणूस सापडतो. नंबर हवा असेल तर घरातलं जुनं पदक शोधावं. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उठवलेली असते. चिंच लावून घासू नये, ती अक्षरं झिजतात. पेन्शनचे कागद, पलटणीचं पत्र, गावच्या शाळेत किंवा चावडीत लागलेली पाटी, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. नाव यादीत मिळालंच नाही, तर या कागदांच्या प्रती आयोगाकडे पाठवून ते नोंदवण्याची मागणी करता येते, आणि शंभर वर्षं उलटून गेल्यावरही असे अर्ज तपासले जातात.